एमेस्सी स्टॅटला विद्यापीठ की प्रायव्हेट? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

बार्शीची_आई: मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली, इथूनच. पुणे विद्यापीठाची एन्ट्रन्स दिलीये, मेरिट लिस्ट लागायचीये. तेवढ्यात पुण्यातल्याच एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत डेटा सायन्सच्या एमेस्सीला नंबर लागला, दोन वर्षांचे ६.५ लाख, होस्टेल वेगळं, आणि शुक्रवारच्या आत ५० हजार भरा नाहीतर सीट जाईल म्हणून दिवसातून दोनदा फोन. हे म्हणतात कर्ज काढू. माझं मन विद्यापीठाकडे ओढतंय पण लेकीचं नुकसान तर होणार नाही ना?

गणेशखिंड_०९: ताई, विद्यापीठ. मी तिथूनच केलं, घरची दोन एकर कोरडवाहू, विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेत काम करून मेसचे पैसे निघायचे. परीक्षेच्या दिवसात जयकर ग्रंथालयात जागा धरायला पहाटेच जाऊन उभं राहायचो. एकेक प्रूफ सर खडूने फळा भरून करायचे, पुसून परत पहिल्यापासून आम्हाला करायला लावायचे. नोकरीच्या इंटरव्ह्यूत सॉफ्टवेअर कुणी विचारलंच नाही, रिग्रेशनची (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची पद्धत) गृहीतकं सांग आणि ती मोडली तर काय करशील हे विचारलं.

डेटावाली: मी उलट सांगते. राज्यातल्याच दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठात मी एक वर्ष काढलंय, दोन पेपरना दिवाळीपर्यंत शिकवायला माणूस नव्हता, नंतर तासिका तत्त्वावर एक मॅडम आल्या, त्यांचंही मानधन थकलेलं, त्या तरी किती जीव ओतणार. मग सोडून प्रायव्हेटला गेले. शेवटची सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप, तिथेच नोकरी लागली, कर्ज चार वर्षांत फेडलं. नावावर जाऊ नका, आत्ता तिथे कोण शिकवतंय ते बघा.

गणेशखिंड_०९: जागा रिकाम्या आहेत हे खरंय आणि त्याचा मलाही राग येतो. पण हाच प्रश्न प्रायव्हेटलाही विचारा की. ब्रोशरवर सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, साठातल्या किती जणांना नोकरी लागली ते छापत नाहीत. आणि हप्ता काढून बघा, होस्टेल धरून ९ लाख कर्ज, ११ टक्के, सात वर्षं, महिना साधारण १५,४०० होतो, शिवाय शिकत असतानाचं व्याज वेगळं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीने पहिली नोकरी मनासारखी नाही म्हणून सोडायची ठरवली तर सोडता येईल का?

डेटावाली: विद्यापीठही काही फुकट नाही हो. कॅम्पसवरचं होस्टेल सगळ्यांना मिळतंच असं नाही, नाही मिळालं तर औंध नाहीतर खडकीत कॉट बेसिसवर राहायचं, डबा, बस, हे कुणी धरतच नाही. कुणीतरी खरा आकडा मांडा.

नांदेडचा_काका: मुलींना फी माफ झालीये ना आता?

सीईटी_सेल_फॅन: काका, २०२४ चा तो जीआर व्यावसायिक कोर्सेसचा आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. त्यातूनही स्वयंअर्थसहाय्यित आणि अभिमत विद्यापीठं वगळलीयेत. साध्या एमेस्सीला धरून चालू नका.

ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. शुक्रवारच्या फोनला घाबरू नका. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे, प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रोसेसिंगचे फार तर ५ टक्के, तेही ५ हजारांच्या आत, कापू शकतात), १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के, तारीख गेल्यावर १५ दिवसांत ८०, महिन्याच्या आत ५०. त्यामुळे ती शेवटची तारीख कोणती ते त्यांच्याकडून ईमेलवर लेखी मागा. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी ठेवून घ्यायचा हक्क कुणालाच नाही, बघून परत द्यायचे असतात. माझ्या भाचीचे अडकवले होते एका ठिकाणी, सहा हेलपाटे घातले.

डेटावाली: हे अगदी बरोबर. आणि ताई, लेकीला घेऊन दोन्हीकडे जा, वर्किंग डेला. ॲडमिशनच्या काउंटरवर नको, सेकंड इयरच्या पोरींना गाठा, मागच्या सेमिस्टरला किती तास झाले ते विचारा.

गणेशखिंड_०९: यावर आमचं एकमत. विद्यापीठात अनिकेत कँटीनला बसा, स्टॅटची पोरं हटकून भेटतील.

बार्शीची_आई: सगळ्यांचे आभार. तारखेचा ईमेल आत्ताच लेकीने टाकला. उद्या पहाटेच्या एसटीने दोघी निघतोय, झेरॉक्स तेवढ्या घेतल्यात, ओरिजिनल कपाटात.