'सोडा' लिहिलेलं पाकीट घेऊ नका

ताई, जर्मनीत नानकटाईसाठी मैदा आणि खायचा सोडा सापडत नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी सोड्याचं सांगते. तिथे 'सोडा' लिहिलेलं पाकीट बहुधा धुण्याच्या सोड्याचं असतं, ते पोटात जाता कामा नये. आपला खायचा सोडा 'नाट्रॉन' नावाने मिळतो. माझ्या लेकीनेही चुकीचंच पाकीट आणलं होतं, शेजारच्या आजींनी वेळेवर थांबवलं.

मैद्याऐवजी टाइप ४०५ चं गव्हाचं पीठ घ्या. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठातल्या खनिजांचे मिलिग्रॅम. आकडा वाढला की पीठ कणकेकडे झुकतं.

खरी मेख तुपाची आहे. लेकीने बटर घातलं आणि सगळ्या नानकटाया पसरून एकमेकींना चिकटल्या. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. 'बुटरश्माल्झ' घ्या, ते आपलं तूपच. लहानपणी बडोद्याला दांडिया बाजारातून घरचं तूप, मैदा, पिठीसाखर डब्यांत भरून आम्ही भट्टीवर न्यायचो. तूप पातळ दिसलं की भट्टीवाले काका म्हणायचे, "थिजू दे, मग ये." मी लेकीलाही तेच सांगितलं. थिजलेलं तूप पिठीसाखरेबरोबर पांढरंशुभ्र होईस्तोवर हातानेच फेसायचं, आणि वळलेले गोळे भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचे. परवा तिने फोटो पाठवला, वर अगदी आपल्या भट्टीतल्यासारख्या भेगा पडल्या होत्या!

बेसन हवं असेल तर 'किशरएर्ब्सेनमेल' मागा.