एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन दोन्हीला 'रेझिस्टंट': मिश्र वाढीचा रिपोर्ट कसा द्यावा?

प्रश्न (लॅब, कोल्हापूर)
गर्भाशयमुखाचा स्वॅब युरियाप्लाझ्मा आणि मायकोप्लाझ्मा होमिनिस या दोन जंतूंच्या तयार किटवर लावला. युरिया (युरियाप्लाझ्मासाठी) आणि आर्जिनिन (होमिनिससाठी) या दोन्ही वेल (किटमधले छोटे खळगे) २४ तासांत लाल झाल्या, म्हणजे दोन्ही जंतू वाढले; दोन्हींची संख्या १०⁴ च्या वर. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, तिन्ही रेझिस्टंट. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, टेट्रासायक्लिन गटातली) २४ तासांना सेन्सिटिव्ह होती, ४८ तासांना तिचीही कमी मात्रेची वेल गुलाबी झाली. 'मल्टिड्रग रेझिस्टंट' लिहायचं का? डॉक्टरांचे फोन सुरू झालेत.

उत्तर १ (सूक्ष्मजीवशास्त्र)
अजिबात लिहू नका. वेलमध्ये दोन जंतू आहेत आणि किट त्यांना एकच समजतं. मायकोप्लाझ्मा होमिनिस एरिथ्रो आणि अझिथ्रोला जन्मतःच दाद देत नाही. युरियाप्लाझ्मा क्लिंडामायसिनला देत नाही. म्हणजे एरिथ्रोच्या वेलमध्ये होमिनिस वाढतो, क्लिंडाच्या वेलमध्ये युरियाप्लाझ्मा, आणि रंग दोन्हीकडे बदलतो. मिश्र वाढीत या वेल लाल होणारच, त्यातून जंतूंनी नंतर कमावलेला प्रतिकार सिद्ध होत नाही.

पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, व्हँकोमायसिन तर यादीतच नकोत. या जंतूंना पेशीभित्तीच नाही, ती तोडणार कशी? फोलिक आम्ल बनवत नाहीत, त्यामुळे ते बनवणं रोखणारं को-ट्रायमॉक्साझोलही बाद.

डॉक्सीचं ४८ तासांचं वाचन धरू नका. औषधाशिवायच्या कंट्रोल वेलचा रंग पहिल्यांदा बदलतो, तीच वाचायची वेळ. युरियाप्लाझ्मात ती साधारण १६ ते २४ तासांत येते, होमिनिसला ४८ पर्यंत लागू शकतात. उशीर केला की एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) वर सरकते. जंतूंची मात्रा १०⁴ ते १०⁵ प्रति मिली हवी. १०⁶ झाली तरी खोटा प्रतिकार दिसतो.

प्रश्नकर्ता
मग दोघांना वेगळं कसं करू?

उत्तर २ (लॅब तंत्रज्ञ)
दोन ब्रॉथ (वाढीची द्रव माध्यमं) घ्या. १०बी (युरियाचा ब्रॉथ, पीएच ६.०) मध्ये लिन्कोमायसिन घाला, होमिनिस दबतो. आर्जिनिन ब्रॉथमध्ये एरिथ्रोमायसिन घाला, युरियाप्लाझ्मा दबतो. मग ए८ अगारवर (घट्ट माध्यमावर) उतरवून बघा: होमिनिसची वसाहत तळलेल्या अंड्यासारखी, युरियाप्लाझ्माची खूप बारीक आणि तपकिरी. एकेक वसाहत उचलून औषध नसलेल्या ब्रॉथमध्ये वाढवा. त्यानंतर दहापटीचे डायल्यूशन लावून मोजा, मगच सेन्सिटिव्हिटी.

१०बीचा रंग जरा बदलला की लगेच फ्रीजमध्ये, साठवायचं तर उणे ७० ला. युरियाप्लाझ्मा स्वतःच्याच अमोनियात काही तासांत मरतो. 'काल वाढ होती, आज सबकल्चर (पुन्हा लावलेली वाढ) येईना' याचं नेहमीचं कारण हेच.

आणि ब्रॉथ गढूळ आहे का, आधी बघा. हे जंतू रंग बदलतात, गढूळपणा जवळजवळ आणत नाहीत. गढूळ असेल तर प्रोटियससारखा युरिया तोडणारा जंतू धरा आणि ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा लावा. स्वॅब डॅक्रॉनचा, दांडी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची. लाकडी दांडी वाढ दाबते.

निकाल सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या एम४३ दस्तऐवजातल्या मर्यादांनी लावा. युरियाप्लाझ्माला एरिथ्रो ८ पर्यंत सेन्सिटिव्ह, टेट्रासायक्लिन १ पर्यंत. होमिनिसला क्लिंडा ०.२५, टेट्रासायक्लिन ४ पर्यंत (मायक्रोग्रॅम प्रति मिली). एकच टेट्रासायक्लिन, दोन मर्यादा: म्हणून दोघांचा निकाल एका ओळीत छापता येत नाही.

उत्तर ३ (त्वचा व गुप्तरोग)
रुग्णाला लक्षणं आहेत का, हे फोनवर आधी विचारा. हे दोन्ही जंतू निरोगी स्त्रियांतही भरपूर सापडतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की त्यांची सरसकट तपासणी आणि उपचार करू नयेत. गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस आधी तपासा. उपचार द्यायचाच असेल तर टेट्रासायक्लिन गट दोघांवरही चालतो, फक्त टेट-एम (टेट्रासायक्लिनला प्रतिकार देणारं) जनुक असलेला वाण नसावा आणि रुग्ण गर्भवती नसावी.

खरा काळजीचा जंतू मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, आणि तो या किटवर दिसतच नाही. वाढायला आठवडे ते महिने लागतात, त्यामुळे पीसीआर करा, सोबत २३एस जनुकातलं मॅक्रोलाइड (एरिथ्रो, अझिथ्रो यांचा गट) प्रतिकाराचं उत्परिवर्तन तपासा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे आधी डॉक्सी १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस. मग सेन्सिटिव्ह असेल तर अझिथ्रो १ ग्रॅम आणि पुढचे ३ दिवस ५०० मिग्रॅ. प्रतिकार असेल किंवा चाचणीच नसेल तर मॉक्सिफ्लॉक्सासिन ४०० मिग्रॅ रोज, ७ दिवस. नुसत्या डॉक्सीने जंतूंची संख्या घटते, पण बहुतेकांत जंतू पूर्ण जात नाही.

प्रश्नकर्ता
ब्रॉथ स्वच्छ आहे. रिपोर्टवर 'मिश्र वाढ, सेन्सिटिव्हिटी वेगळी केल्यावर' एवढंच टाकतो आणि लक्षणांबद्दल फोन करतो.

उत्तर १
बरोबर. त्यात 'एरिथ्रो/क्लिंडा: अंगभूत प्रतिकार, अर्थ लावू नये' ही ओळही घाला, नाहीतर परत फोन येईल.