मदत हवी आहे: कुंपणाला लागून शेजाऱ्यांचं फॅब्रिकेशनचं काम, रात्रीचा आवाज आणि बागेचं नुकसान

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

साताऱ्यात गावाच्या कडेला आमचं बैठं घर आहे. एनए प्लॉट, मागच्या अंगाला परसबाग. माझ्या बाबांनी आणि शेजारच्या अण्णांनी हे प्लॉट बरोबरच घेतले होते. मधे लोखंडी अँगल रोवून चेनलिंक जाळी मारली, तीही निम्म्या-निम्म्या खर्चात. जाळीच्या कडेने आमच्या बाजूला कोयनेल आहे, मग अळूचा वाफा, कढीपत्ता, गवती चहा आणि कोपऱ्यात बाबांनी लावलेलं केशर आंब्याचं कलम. आता बाबाही नाहीत आणि अण्णाही नाहीत. इकडे आई आणि मी, तिकडे काकू, त्यांचा मुलगा, सून आणि नातवंडं.

मुलाची कंपनीतली नोकरी सुटल्यावर त्याने घरीच फॅब्रिकेशन सुरू केलं. ग्रिल, गेट, जिन्याची रेलिंगं. हात चांगला आहे, कामं मिळतात, आणि त्याचं घर त्याच्यावर चालतं हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याने शेड टाकली ती नेमकी कुंपणाला खेटून. आधी दिवसाच काम चालायचं. आता ऑर्डरी वाढल्यात, त्यामुळे रात्री अकरा-साडेअकरापर्यंत कटर चालू असतो. पाइप कापायला लागला की घरातल्या खिडकीच्या काचा थरथरतात. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, तिची झोप मोडली की दुसरा दिवस वाया जातो.

नुकसानाचं सांगायचं तर ग्राइंडरच्या ठिणग्या जाळीतून थेट आमच्याकडे येतात. कढीपत्त्याच्या पानांवर जळके ठिपके पडलेत आणि कोयनेलचा एक पट्टा पार वाळलाय. लोखंडाचा कीस पानांवर, फरशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो आणि पावसाचा थेंब पडला की त्याचा गंज होतो. पांढऱ्या चादरीवरचे ते डाग लिंबू-मीठ चोळूनही जात नाहीत. जाळीला टेकवून ठेवलेल्या लोखंडी चॅनेलच्या वजनाने दोन अँगल आमच्याकडे झुकलेत. शेडच्या पत्र्याचं सगळं पाणी अळूच्या वाफ्यात पडतं, माती वाहून मुळं उघडी पडलीत.

मला सगळ्यात लागलं ते मात्र वेगळंच. रेड ऑक्साईड, म्हणजे लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारायचा तांबडा प्रायमर, मारायला तो स्प्रे गन वापरतो. परवा अळू काढायला गेले तर पानांवर तांबडा बारीक फवारा बसलेला. धुतला, पुसला, निघाला नाही. श्रावणात आईच्या हातच्या अळूवड्या दोन्ही घरी जायच्या, काकूंचा डबा आधी भरायचा. यंदा ती पानं मी उपटून टाकली, कारण ती कुणाच्याही पोटात जाऊ नयेत.

बोलून पाहिलंय. "ताई, चार दिवसांचं काम आहे, एवढी ऑर्डर उरकू द्या," असं दर वेळी ऐकते. काकूंना बोलले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मग मलाच पुढे बोलवत नाही. मोठ्या भावाचं म्हणणं, सरळ पोलिसांत जा. आईचं म्हणणं, अण्णांच्या दारात पोलीस नको. मला काम बंद पाडायचं नाही. रात्रीचा आवाज थांबावा, ठिणग्या आणि रंग इकडे येऊ नयेत आणि कुंपण सरळ व्हावं, एवढंच हवंय. कशापासून सुरुवात करू? आमच्या बाजूने भिंत बांधली तर आवाज अडेल का?

प्रतिसाद १

ताई, आधी कागद तयार करा, मग पुढचं. मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असे व्हिडिओ आणि फोटो काढून ठेवा. डेसिबल मोजायची अ‍ॅप्स पुरावा म्हणून चालतीलच असं नाही, पण अंदाज येतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर कुणीही तक्रार करू शकतं. लोखंड कापणारा कटर कुंपणापाशी याच्या कितीतरी वर जातो, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. ऐन वेळी 112 आहेच. पण माझं ऐकाल तर पोलीस ठाण्यात साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज दिला म्हणजे लगेच गुन्हा दाखल होतो असं नाही. पुष्कळदा दोघांना बोलावून समज देतात आणि तेवढ्यावर भागतं.

आणखी एक. घरगुती मीटरवर धंदा चालू असेल तर महावितरणला कळवा. वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. बरोबर वठणीवर येईल.

प्रतिसाद २

मी वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. मालमत्तेच्या नुकसानीला भारतीय न्याय संहितेचं कलम 324 आहे, पण त्यात हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. तुम्ही लेखी कळवल्यावरही तो जाळीला माल टेकवत राहिला, तर "मला माहीत नव्हतं" हे त्याला म्हणता येणार नाही. म्हणून पहिलं पत्र महत्त्वाचं. स्पीड पोस्टाने पाठवा, भाषा सौम्य ठेवा, काय हवंय ते मुद्देसूद लिहा.

दिवाणी दावा करून मनाई हुकूम मागता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा, अर्ज करा. कोर्ट फी नाही, दोन्ही बाजूंना नोटीस जाते आणि समोरासमोर बसवून बोलणं होतं. प्रकरण लोकअदालतीत ठेवून तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. तुम्हाला शेजार टिकवायचाय, तर हाच मार्ग मला योग्य वाटतो.

भिंतीचा विचार असेल तर आधी मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे अर्ज केला की लगतच्या धारकांना नोटीस जाते, हद्दीच्या खुणा दाखवतात आणि 'क' प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळतो. दोन मित्रांनी सामंजस्याने मारलेली जाळी हद्दीवरच असेल असं धरून चालू नका. वीतभर जागेवरून पुढच्या पिढ्या कोर्टात गेलेल्या मी रोज पाहते.

प्रतिसाद ३

ताई, मी स्वतः कोल्हापुरात फॅब्रिकेशनमध्ये आहे, म्हणून तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूनेही सांगतो. यातलं बरंचसं कमी खर्चात सुटतं.

आवाज कटरपेक्षा पाइपाचा जास्त असतो. लांब पाइप एका टोकाला पकडून कापला की बाकीचा मोकळा भाग घंटेसारखा वाजतो. व्हाइस (पाइप पकडायचा शिकंजा) पात्याच्या जवळ घ्यायचा, मोकळ्या भागाखाली लाकडी ठोकळे द्यायचे आणि वर वाळूची पिशवी टाकायची. फरक लगेच कळतो. कापण्याचं काम जास्त असेल तर बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारख्या करवतीचं मशीन, घ्यावा. वेळ लागतो, पण आवाज कटरच्या मानाने अगदी कमी आणि ठिणग्या जवळपास नाहीतच. संध्याकाळनंतर फक्त टॅकिंग (वेल्डिंगचे छोटे टाके), जुळवणी, मापं घेणं अशी कामं ठेवायची. आम्ही वस्तीत असताना तसंच करायचो.

ठिणग्या कुठे उडवायच्या हे ग्राइंडर धरण्यावर आणि त्याच्या चाकावरच्या गार्डवर (झाकणावर) असतं. त्याने टेबल फिरवून तोंड रस्त्याकडे केलं तरी निम्मं काम झालं. कुंपणाच्या बाजूला अँगलच्या फ्रेमवर पत्रा लावायचा. हिरवी शेडनेट अजिबात नको, ती पेटते. प्रायमर ब्रशने मारायचा, आणि स्प्रेच करायचा तर वारा नसताना, तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधून. पत्र्याला पन्हळ लावायला त्याला एक दुपार पुरे. तो लोखंडवालाच आहे, साहित्य त्याच्याकडे पडलेलं असेल.

भिंतीचं म्हणाल तर झाडांनी किंवा जाळीने आवाज अडत नाही. विटांची भरीव भिंत अडवते, तीही शेडमधल्या मशीनपेक्षा बरीच उंच असली तरच. एवढा खर्च तुम्ही एकट्याने का सोसायचा?

आणि मीटरची तक्रार करू नका. त्याने तो सुधारणार नाही, कायमचा वैरी होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला प्रतिसाद वाचून दाखवले. कोल्हापूरच्या दादांचं ऐकून ती म्हणाली, "हे त्याला आपण सांगितलं तर भांडण वाटेल, त्याच्या धंद्यातल्या माणसाने सांगितलं तर पटेल." मलाही तेच वाटतं. महावितरणकडे मी जाणार नाही. मला त्याला शिक्षा द्यायची नाही.

असं ठरवलंय: या रविवारी काकूंसमोर त्याच्याशी बसून बोलायचं आणि मागण्या कागदावर लिहूनच न्यायच्या. रात्री आठनंतर कटर-ग्राइंडर बंद, टेबलाचं तोंड रस्त्याकडे, कुंपणाच्या बाजूला पत्रा, पत्र्याला पन्हळ, स्प्रे ताडपत्रीच्या आत. वाकलेले दोन अँगल त्याने सरळ करून द्यायचे, सिमेंट-खडीचे पैसे मी देईन. त्याने हो म्हटलं तर दोघांच्या सह्या घ्यायच्या. महिनाभरात फरक पडला नाही तर स्पीड पोस्टाने पत्र, आणि तरीही नाही तर विधी सेवा समिती. पोलिसांत अर्ज सगळ्यात शेवटी. पण रात्री दहानंतर कटर चालू झाला तर मी थांबणार नाही. आईच्या तब्येतीपुढे भिडेला अर्थ नाही, हे मी तिलाही सांगितलंय.

दादा, त्या ठोकळ्यांचा आणि वाळूच्या पिशवीचा एखादा फोटो इथे टाकाल का? रविवारी त्याला दाखवता येईल. वकीलताई, दाखलपूर्व अर्जाला मोजणीची 'क' प्रत जोडावीच लागते का, की आवाज आणि नुकसानीपुरता अर्ज तिच्याशिवायही घेतात? आणि प्लॉट अजून बाबांच्याच नावावर आहे, वारसनोंद व्हायचीय. मग अर्ज आईच्या नावाने द्यायचा की माझ्या?