मदत हवी आहे: गायरानातले समतल चर पहिल्याच पावसात फुटले

पठारकर:
संगमनेरचा पठार भाग, मुळेचं खोरं. गावचं ११ हेक्टर गायरान, उतार १२-१५ टक्के, वीतभर माती, खाली मुरूम. ६० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत) जेसीबीने काढले, दोन ओळींत १० मीटर अंतर. जूनच्या मोठ्या पावसात सहा ठिकाणी फुटून खाली घळी पडल्या. चर अजून खोल करायचे का?

मुरूममाती:
नको. तुमचा चर मीटरला १८० लिटर धरतो. वरच्या १० मीटर पट्ट्यावर ५० मि.मी. पाऊस म्हणजे ५०० लिटर. निम्मं वाहून आलं तरी २५०. म्हणजे चर भरणारच. भरून सगळ्या लांबीवरून सारखा सांडला तर बिघडत नाही. पातळी चुकली की सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि तिथेच फोडतं. जेसीबीवाला नजरेने ओळ धरतो, तिथे घोळ होतो.

१५ मीटर पारदर्शक नळी पाण्याने भरा, बुडबुडे पूर्ण काढा आणि जुन्या चरांचा तळ तपासा; नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत राहतं, त्यावरून तळ कुठे वरखाली आहे ते कळतं. पुन्हा खोदू नका. दर ५ मीटरवर दगड-मुरमाचा अर्धा मीटर जाड अडसर ठोकून बसवा, माथा चराच्या काठाहून ५ सें.मी. खाली. खोदलेल्या मातीचा भराव खालच्या बाजूला, काठापासून वीतभर सोडून. चिकटून टाकला तर तोच परत चरात घसरतो. आणि चर ओघळीतून आरपार नेलेत का? नेले असतील तर ओघळीच्या अलीकडे दोन मीटरवर बंद करा.

पठारकर:
दोन ठिकाणी नेलेत. चरातली रोपं कुजली, भरावावरची वाळली, त्याचं काय?

हिवरबोर:
भरावाच्या चराकडच्या उतारावर, मध्यावर लावा. पण एवढ्या उथळ जागी मी रोपांपेक्षा बी टोकेन: हिवर, खैर, बोर, सीताफळ. सोटमूळ सरळ मुरमाच्या फटीत जातं. पिशवीतलं मूळ बहुधा गुंडाळलेलं असतं. हिवराच्या कडक बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवा. भरावावर मारवेलचे ठोंब लावा, माती गवतच धरतं.

चराईबंदी सगळ्या गायरानावर एकदम लावली तर मेंढपाळ कुठे जाणार? अर्धं तीन वर्षं बंद, गवत कापून न्यायला मोकळीक. हे ग्रामसभेत ठरलं नसेल तर बियाण्यावर पैसे घालू नका.

मुरूममाती:
घळींत अनगड दगडी बांध (सिमेंटशिवाय नुसते रचलेले) घाला, मधला भाग कडांपेक्षा ३० सें.मी. खाली, टोकं काठात अर्धा मीटर घुसवून. मोठे दगड खालच्या अंगाला. मेअखेर संपवा, आणि माथ्याकडून खाली या. पायथ्यापासून सुरू केलं तर खालचे बांध पहिल्याच पावसात गाळाने भरतील.