पॉमेरियनला जुनाट पँक्रियाटायटिस: कमी फॅटचं जेवण म्हणजे नक्की किती, कसं?

रानजाई
आमची चिऊ पॉमेरियन आहे, वय 9, वजन 6 किलो. गेल्या दीड वर्षात तीनदा तेच झालं. रात्री जेवणाला तोंड लावत नाही, पहाटे पिवळ्या उलट्या, आणि मग पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून तशीच थांबून राहते. पहिल्या खेपेला मला वाटलं आळस देतेय. पोट दुखतंय हे कळायला दोन दिवस गेले, त्याचं अजून वाईट वाटतं. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीत पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, निघाली. "लो फॅट द्या" एवढंच सांगितलं. म्हणजे किती? सध्या चिकन-भात देते, त्यावर चहाचा एक चमचा तूप, कारण कोरडा भात ती हुंगून सोडते. हे वर्षानुवर्षं सांभाळलेलं कुणी आहे का इथे?

पाटावरवंटा
ताई, तूप आजपासून बंद करा, बाकीचं सावकाश बघू.

आमच्या मिनिएचर श्नॉझरचं सहा वर्षं करतोय. या जातीत बऱ्याचदा रक्तातलीच चरबी वाढलेली असते. त्याचं उपाशीपोटी काढलेलं रक्त नळीत स्थिर झालं, तर वरचा थर दुधासारखा पांढरट दिसला होता. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडून दिला, तोच सांगतो. दर 1000 कॅलरीमागे फॅट साधारण 20 ग्रॅमच्या आत. चिऊएवढ्या कुत्रीला दिवसाला 350च्या आसपास कॅलरी लागत असतील, म्हणजे दिवसभराचं फॅट झालं 7 ग्रॅम. तुमच्या एका चमचा तुपात जवळजवळ 5 ग्रॅम जातात. एका अंड्याच्या पिवळ्या बलकातही तेवढेच. पनीरचा 30 ग्रॅमचा तुकडा तर एकटाच 6-7 ग्रॅम. उलट कातडी काढलेलं 100 ग्रॅम उकडलेलं ब्रेस्ट घेतलंत तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि भातात नावापुरतं. लेगपीस कातडीसकट घातलात की गणित कोलमडलं.

कोरडा भात खात नाही, तर चिकनचं पाणी वापरा. कांदा-लसूण अजिबात न घालता नुसत्या पाण्यात उकडायचं, ते पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर पिवळसर थर गोठलेला असतो. तो चमच्याने पूर्ण काढून टाका, बोटाला तेलकट लागणार नाही इतपत. खाली उरतं ते कोमट करून भातावर घाला. आमचा त्या वासाने ओट्याशी येऊन बसतो. दिवसाचं जेवण तीन-चार वेळांत वाटून द्या.

विकतच्या खाण्यात रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टायनल लो फॅट आणि हिल्सचं आय/डी लो फॅट अशी दोन आहेत. डॉक्टरांना विचारून घ्या आणि आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदला. डब्यावरचा टक्का वाचताना मात्र फसायला होतं. ओल्या खाण्यावर 4 टक्के आणि कोरड्यावर 10 लिहिलेलं दिसलं, तर आपण ओलं उचलतो. पण ओल्यात 78 टक्के पाणीच असतं. पाणी वजा केलं की त्याचं फॅट 18 टक्के होतं, आणि कोरड्याचं 11. शिवाय बऱ्याच पाकिटांवर "किमान" फॅट छापतात, कमाल नाही. कंपनीला मेल करून 1000 कॅलरीमागे किती ग्रॅम ते विचारा, मी विचारलं होतं.

अबोली_दादर
थोडं वेगळं सांगते, कारण धागा वाचून कुणीही सरसकट फॅट कापू नये. आमचा अल्सेशियन भरपूर खायचा, तरी बरगड्या मोजता यायच्या, शी फिकट आणि ढीगभर. आम्ही आपल्याच मनाने कमी फॅट सुरू केलं आणि तो आणखी खंगला. परळला जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये दाखवलं, रक्ताची टीएलआय तपासणी केली, स्वादुपिंड पाचकरस बनवतं का ते बघायला. ते बनवतच नव्हतं. आता प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर कालवते. त्याला फॅट एवढं तोडायची गरजच नव्हती. आजार कुठला ते आधी पक्कं होऊ द्या.

खारीगाव
आमच्या यॉर्कीचं (यॉर्कशायर टेरियर) आतड्यातून प्रथिन गळायचं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलं, पोटात पाणी झालं. फॅट आतड्यातून लसिकेच्या (लिम्फच्या) नळ्यांत जातं, आणि त्या नळ्याच फुगून पाझरत असतील तर जास्त फॅट म्हणजे जास्त गळती, असं आम्हाला समजावलं होतं. त्याला सुरुवातीला उकडलेला बटाटा आणि पांढरा मासा एवढंच. बांगडा, तारली नाही, ते तेलकट. बी-12 पण कमी होतं, सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन घेतलं. चिऊचं बी-12 तपासलंय का?

रानजाई
बी-12 नाही तपासलं, उद्याच विचारते. आणि हिशोब वाचून मी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवलं. तूप तर मी घालत होतेच. पण तिची गोळी सासूबाई लोण्यात गुंडाळून देतात, दोन वेळा. मुलगा ग्लुकोजची बिस्किटं देतो. केसांसाठी माशाच्या तेलाची कॅप्सूल चालू आहे, ती मी मोजलीच नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, मीच तिला दुखवत होते. आता गोळी कशात देऊ? आणि चिकन-भात कायमचा चालेल?

पाटावरवंटा
आजींना सांगा, उकडलेला बटाटा कुस्करून छोटी गोळी करायची, औषध आत. आमचा आवडीने गिळतो. बिस्किटाऐवजी काकडीची चकती किंवा उकडलेला तांबडा भोपळा. कॅप्सूलचं डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

नुसता चिकन-भात थोडे दिवस ठीक, महिनोनमहिने नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, जस्त वगैरेही कमी पडतं, आणि थोडं फॅट त्वचेलाही लागतं. आहाराचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यांकडून पाककृती लिहून घ्या आणि ती काट्यावर तोलून करा. आणि पुन्हा ती तशी मागचा भाग वर करून थांबली, किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती काही करू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

रानजाई
काटा ओट्यावर आणून ठेवलाय. आज चिकनच्या पाण्यावरचा थर सासूबाईंनी स्वतः काढला. चिऊने वाटी चाटून पुसून ठेवली.