‘कोवळं ऊन घ्या’ सांगणं थांबवा, पोरांना सावली बघायला शिकवा

विश्रामबागकर
आमच्या कॉलनीत सकाळी साडेसहाला फिरायला जाणारे निम्मे लोक सांगतात की डी व्हिटॅमिनसाठी जातो. फिरणं चांगलंच आहे, पण त्या उन्हात डी जवळजवळ तयारच होत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. डी बनवणारे यूव्हीबी किरण सूर्य खाली असताना वातावरणातच, मुख्यतः ओझोनमध्ये, अडकतात. साधा हिशोब, तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड पडत असेल तर त्या उन्हाचा उपयोग. आपल्या सांगलीत डिसेंबरातसुद्धा साधारण अकरा ते दोन सावली आखूडच असते, आणि मे महिन्यात तर एका दुपारी साडेबाराच्या सुमारास ती पायाखालीच जाते. म्हणजे ऊन आपल्याकडं बारा महिने आहे (ढगाळ पावसाळा सोडा), कमी आहे ती माहिती. झेडपीच्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरांना एकमेकांची सावली मोजायला लावा, खर्च शून्य. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं डी मिळत नाही हेही त्याच दिवशी सांगून टाका. माझं स्पष्ट मत, हा विषय पाचवीपासून शिकवलाच पाहिजे.

मिरजेचा मेडिकलवाला
तुमची तळमळ कळते पण शिकवून लोक बदलतात यावर माझा विश्वास नाही. गलगंड कमी झाला तो काय लोकांना आयोडीन शिकवून झाला का? मिठात घातलं आणि विषय संपला. तसंच दुधात आणि तेलात डी घाला, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयचं फोर्टिफिकेशन (खाण्यात जीवनसत्त्वं मिसळणं) आहेच, पिशवीवर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असतं बघा. पण ते कंपनीच्या मर्जीवर सोडलंय, सक्तीचं करा. लोक दुकानात दिवसभर ट्यूबलाइटखाली बसतात, त्यांना दुपारी बारा वाजता रस्त्यावर कोण काढणार?

वाळवा तालुक्यातली बाई
दादा पिशवीचं दूध कोण घेतं आमच्याकडं? घरची म्हैस, उरलेलं डेरीला घालायचं. तेल पण बऱ्याच घरात घाण्यावरचं. तुमचं ते चिन्ह आमच्या चुलीपर्यंत येतच न्हाई, त्यामुळं सक्ती केली तरी आम्ही बाहेरच. मीठ कसं, सगळी विकतच आणतात, म्हणून ते जमलं.
आणि आणखी एक सांगते, लोकांना वाटतं शेतातल्या बायका दिवसभर उन्हात मग त्यांना काय कमी. उसात जाताना पातीनं हात कापतात म्हणून साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला तोंडाला स्कार्फ, मग अंगाला ऊन लागतं कुठं? मांडी घालून बसलं की उठताना हात टेकायला लागतो, कंबर मांड्या ठणकतात, आणि सगळी म्हणतात वय झालं. पस्तिशीत कसलं वय? हाडं मऊ पडल्यानं पण असं होतं हे आशाताईंनी सांगितल्यावर आम्हाला कळलं. म्हणून शिकवायला पायजेच, पण पोरांच्या आधी बायकांना.

जतकर
कडक उन्हात पाठवा म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये जतला या. उष्माघातानं माणसं आडवी होतात इकडं. आणि तान्ह्या बाळाला पण दुपारी बाहेर ठेवायचं का? आमच्या आज्ज्या तेल लावून सकाळीच उन्हात धरायच्या, त्या काय येड्या होत्या?

विश्रामबागकर
@जतकर बाळाला दुपारच्या उन्हात अजिबात नाही. त्यासाठी थेंब आहेत, बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट देतात कारण आईच्या दुधात डी फार कमी असतं. मोठ्यांसाठी मे महिन्यात सावली दहाच्या आतच आखूड होते, तेव्हा हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, भाजून घ्यायचं नाहीच. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळं परदेशातले मिनिटांचे तक्ते आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.
@वाळवा ताई, तुमचं शंभर टक्के पटलं, बायकांना आधी.

कृष्णाकाठ
मी सगळ्यांच्या विरोधात. जेवढी जागृती झाली तेवढी लॅबची पॅकेजं खपली, एवढंच मला दिसतं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर व्हायटल नावाची चाचणी झाली, रोज २००० युनिट देऊन. २०१८ ला निकाल आला की कॅन्सर आणि हार्टचे आजार कमी झाले नाहीत, २०२२ ला कळलं की फ्रॅक्चरही नाहीत. २०२४ मध्ये तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनंच (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) सांगितलं की धडधाकट माणसानं उगाच डी तपासत बसू नये. मग शाळेत शिकवून पोरांच्या मनात भीती कशाला घालायची?

विश्रामबागकर
त्या चाचणीतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हतीच, आमच्या ताईंची गोष्ट वेगळी आहे. मुडदूस आणि हाडं मऊ पडणं हे खरे आजार आहेत, ते डीच्या कमतरतेनं होतात यावर वाद नाही. धडधाकट माणसानं तपासू नये हे मला मान्य, पण ते तरी लोकांना कोण सांगणार? तेही शिक्षणच की.

मिरजेचा मेडिकलवाला
यावर मात्र मी कृष्णाकाठच्या बाजूनं थोडा. डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, बहुतेकदा आठ आठवडे, असं डॉक्टर लिहून देतात. लोक तीच जुनी चिठ्ठी घेऊन वर्षभर येतात, शेजारणीला पण देतात. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास. रोजची गरज आपल्या आयसीएमआरनं (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०२० ला ६०० युनिट धरलीय, आणि लोक साठ हजार चॉकलेटसारखं मागतात! मी परत पाठवतो, ते पुढच्या दुकानात जातात.

वाळवा तालुक्यातली बाई
मग हेच सांगा की बायकांच्या बैठकीत. पुडी कधी थांबवायची हे आम्हाला चिठ्ठीवर कुणी मराठीत लिहून देत न्हाई.

कृष्णाकाठ
हे शिकवणार असाल तर माझा विरोध नाही. सावली मोजा, पुडी थांबवा. पण शाळेत लॅबवाल्याचा कॅम्प लावला तर पहिली तक्रार मी करणार.