माचिया: जीर्णोद्धार, नूतनीकरण की डागडुजी?

पागोळी
जपानमधल्या क्योतो शहरातल्या जुन्या लाकडी घरांवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितेय. ही घरं म्हणजे माचिया. रस्त्याकडे दुकान, मागे बिऱ्हाड. रुंदी जेमतेम, लांबी आत खोलवर. तिकडे या आकाराला 'उनागी नो नेदोको' म्हणतात, म्हणजे वाम माशाचं अंथरूण. मूळ निवेदनात दोन शब्द सतत येतात, 'काइशू' आणि 'साइसेई'. पहिला दुरुस्तीच्या अंगाने जाणारा. दुसऱ्यात पुन्हा जीव धरण्याचा अर्थ आहे. दुसऱ्यासाठी मी 'जीर्णोद्धार' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'नूतनीकरण' केलं. म्हणाले, जीर्णोद्धार देवळाचा होतो, राहत्या घराचा नाही. मला पटत नाहीये. सगळी धडपड जुनं राखायची आणि शब्दात मात्र 'नूतन'? तुम्ही काय लिहिलं असतं?

उंबरठा
जीर्णोद्धारच. शब्द फोडून पाहा, जे जीर्ण झालं त्याचा उद्धार. यात देव कुठून आला? घाटांचे, बारवांचे, धर्मशाळांचे जीर्णोद्धार झालेलेच आहेत. संपादकांना ठामपणे सांगा.

काळी_माती
व्युत्पत्ती काहीही असो, घराचा जीर्णोद्धार काढला असं कोणी बोलत नाही. आमची आजी म्हणायची, 'घर डागडुजीला काढलंय.' कासार भांड्याला लावतो तो डाग, तीच डागडुजी. साधा, कामाचा शब्द.

शब्दवेडा
भांड्याला लावतात तो डाख, डाग नव्हे. आणि डागडुजी म्हणजे कौलं चाळणं, पोपडे काढून गिलावा करणं, पावसाळ्याआधीची कामं. घराचा सांगाडा दुरुस्त करणं त्यात मावत नाही.

काळी_माती
आमच्याकडे डागच म्हणतात. कोशात नसेल तर तो कोशाचा दोष.

योदोकाठ
ओसाकात राहतो, क्योतो जवळच. एका माचियाचं काम चालू असताना आत जाऊन पाहिलंय, ते सांगतो. दर्शनी बाजू मधल्या काळात कधीतरी सिमेंटने सपाट झाकून टाकली होती. ते खरवडल्यावर वरच्या मजल्याची मुशिको-मादो उघडी पडली. मातीने लिंपलेल्या जाड उभ्या गजांची बुटकी खिडकी असते ती. आतले खांब पायाला जखडलेले नव्हते, नुसते दगडांवर टेकवलेले. एका खांबाचा बुंधा वाळवीने पोखरला होता. सुतारांनी खांब बदलला नाही. वरचा भार जॅकवर पेलला, खराब झालेलं तेवढंच कापलं आणि नव्या लाकडाचा तुकडा दोन्हीकडे खाचा पाडून असा सांधला की एक दुसऱ्यात घट्ट अडकला. याला ते 'नेत्सुगी' म्हणतात, मुळाशी दिलेली जोड. वरचा जुना खांब तसाच राहिला. याला नूतनीकरण म्हणणं त्या सुतारांवर अन्याय आहे.

तुळई
दगडावर टेकवलेला खांब! अहो, तो दगड म्हणजे आपला तळखडा. आणि त्यांच्या भिंती बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून केलेल्या असतात, म्हणजे सरळ कूड. पागोळी, निवेदनात हे शब्द वापराच. ऐकणाऱ्याला घर लगेच डोळ्यापुढे दिसेल.

योदोकाठ
त्या दगडांनीच घोळ केलाय. १९५०च्या बांधकाम कायद्याप्रमाणे खांब पायाला बांधलेला हवा. त्याआधीची घरं आहेत तशी उभी राहू शकतात, पण मोठं काम काढलं की नवे नियम लागतात, आणि ते पाळायचे तर माचिया माचिया राहत नाही. २०१२ साली क्योतो महापालिकेने वेगळा नियम करून वाट काढली: सुरक्षिततेची दुसरी सोय दाखवा, सूट घ्या.

उंबरठा
आणि पाडापाडी?

योदोकाठ
चालूच आहे. २००८-०९च्या मोजणीत सुमारे ४७,७०० माचिया होत्या, २०१६ मध्ये सुमारे ४०,१००. त्यातही सातातली एक रिकामी. वारसाकर भरायचा म्हणून मुलं जागा विकतात. २०१७ साली केलेल्या नियमानुसार नेमून दिलेल्या घरांसाठी पाडण्याआधी वर्षभर कळवावं लागतं, म्हणजे मधल्या काळात कोणी घेणारा शोधता येतो.

मराठीच
शासकीय परिभाषेत 'पुनर्विकास' हा रुळलेला, शुद्ध शब्द आहे. दुरुस्ती फारसीतून आलेली, ती टाळा.

शब्दवेडा
पुनर्विकास मुळीच नको! पुण्या-मुंबईत त्या शब्दाचा अर्थ एकच, पाडा आणि टॉवर बांधा. क्योतोत जे टाळायचंय नेमकं तेच. आणि दुरुस्ती फारसी असली तरी शेकडो वर्षं आपल्या घरात नांदतेय, तिला बाहेर काढणारे आपण कोण?

मराठीच
उद्या 'रिनोव्हेशन'सुद्धा नांदतंय म्हणाल.

काळी_माती
नांदतंयच. आमच्या सोसायटीच्या नोटिशीत तेच असतं.

तुळई
मला 'पुनरुज्जीवन'बद्दल बोलायचंय. साइसेईला तोच जवळचा. पण दुरुस्त केलेल्या कितीतरी माचियांत आता पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या आहेत. गल्लीत राहणारं माणूस नसेल तर उज्जीवन कशाचं झालं?

योदोकाठ
हे मला मान्य नाही. छप्पर गळत असताना रिकामं पडून राहण्यापेक्षा भाड्याने दिलेलं घर शंभरदा बरं. त्या उत्पन्नातूनच कौलं नि माती परवडते.

तुळई
घर वाचेल, मोहल्ला नाही. सकाळी दारापुढचा रस्ता झाडून पाणी मारायची क्योतोची रीत आहे. ती परगावचा पाहुणा कशाला पाळेल?

पागोळी
सर्वांचे आभार. तळखडा आणि कूड घेतले. साइसेईचं अजून ठरत नाहीये. जाता जाता आणखी एक: माचियाची रुंदी 'केन'मध्ये सांगतात. केन म्हणजे मुळात दोन खांबांमधलं अंतर, आता साधारण सहा फूट. तिथे 'खण' लिहिलं तर चालेल?

काळी_माती
केन आणि खण एकच की! बौद्ध भिक्षूंबरोबर शब्द तिकडे गेला असणार.

शब्दवेडा
केन चिनीतून आलाय. खणाशी साम्य निव्वळ योगायोगाचं. पण अर्थ इतका चपखल बसतोय की बिनधास्त वापरा.

मराठीच
वापरा, पण सहा फूट असं स्पष्ट लिहा. आपला खण ठरीव मापाचा नाही, तुळया जशा पडतील तसा.

उंबरठा
आमच्याकडे पाच खणी घर म्हणजे लांबीत पाच गाळे, आडवे मोजत नाहीत. कोकणात कसं मोजतात?